साहेबांचा फोन आणि माझा उजवा हात

वसईतल्या आमच्या एव्हरशाईनमधल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ अजून अधूनमधून फिरतो. त्यात मी आहे. हॉस्पिटलच्या पलंगावर उशीला टेकून पडलोय, अंगात हिरवा गाऊन, आणि माझा मेहुणा बाळू मोठ्या आवाजात म्हणतोय, "बघा, काय हाल केलेत म्हाताऱ्या माणसाचे! ह्याला डॉक्टर म्हणायचं?" त्यावर मी माझा उजवा हात उचलतो आणि कॅमेऱ्यासमोर धरतो. मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा, सुजून टम्म. हात उचलायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला त्यांना वाटतं, एका नवशिक्या डॉक्टरने माझ्या हाताची वाट लावली. मीही सगळ्यांना तसंच वाटू दिलं. आता दोन्ही वेळचं ऑपरेशनचं टेबल पार पडलंय, हृदयात स्टेंट बसलेत, सकाळी दूध आणायला मीच जातो. वय चौऱ्याहत्तर. जे झालं ते झालं तसं लिहून ठेवतो. अँजिओग्राफीला जाणाऱ्या कुणाला त्याचा उपयोग झाला तर चांगलंच. नाही झाला तरी लिहायचं आहे, कारण त्या डॉक्टरांचं नाव खराब झालं त्यात माझ्या एका वाक्याचा मोठा वाटा आहे, आणि ते वाक्य व्हिडिओत नाही.

ॲसिडिटी

सुरुवात साधी होती. सोसायटीच्या गेटबाहेर थोडं चाललं की छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं व्हायचं. थांबलो की जायचं. मी त्याला ॲसिडिटी म्हणायचो आणि तेवढ्यावर दिवस ढकलत होतो. सुमनने, माझ्या बायकोने, आधी ओवा दिला, मग सोडा दिला, मग एक दिवस म्हणाली, "अहो, चालताना होते ती कसली ॲसिडिटी? ताटावर बसता तेव्हा तर काही होत नाही तुम्हाला." तिच्यामुळे मी तपासायला गेलो.

पट्ट्यावर चालवून कार्डिओग्राम काढतात, त्या तपासणीत मशीन मध्येच बंद केलं गेलं. "काका, हळूच उतरा. बसा." ज्या सुरात ते म्हटलं गेलं त्या सुरावरूनच मला काय ते कळलं. म्हणणारे होते डॉ. जोएल. हे त्यांचं खरं नाव नाही, पण इथे हेच चालवू. वसईतल्याच एका गावातले, घरची केळीची वाडी असलेले, पस्तिशीच्या आतबाहेरचे. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. ते आंब्यासारखं दिसत होतं.

"रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात असं दिसतंय. अँजिओग्राफी करून बघू. मनगटातून करतो हल्ली, फार त्रास नसतो."

"तुम्ही करणार?" मी विचारलं.

"हो. मोठे सर शेजारच्या खोलीत असतातच."

रिक्षाने घरी निघालो. घर जवळ आल्यावर सुमन म्हणाली, "केळी घ्यायची राहिली." घरात शिरल्यावर मी पाना काढला आणि कित्येक दिवस गळणाऱ्या नळाचा वॉशर बदलला. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिने मला थांबवलं नाही. निदानाचा दिवस म्हणून मला तो वॉशर आठवतो.

ओळख

हॉस्पिटलात जाताना आपण कपडे घेतो, जुने रिपोर्ट घेतो, तशी ओळखही बरोबर घेऊन जातो. "तिथे कुणी ओळखीचं आहे का?" हा आमच्याकडे पहिला प्रश्न. शेजाऱ्यांनी विचारला, व्याह्यांनी विचारला, इस्त्रीवाल्यानेही विचारला.

बाळू म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ. तुळिंजला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तिथल्या एका साहेबांकडे त्याची ऊठबस असते. साहेब म्हणजे ज्यांच्या फोनने टँकर येतो आणि शाळेत प्रवेश मिळतो, असे. त्याहून जास्त सांगायची गरज नाही. नंतर सगळे म्हणत राहिले की बाळूने फोन लावले. लावले त्यानेच, पण मागितले मी. सुमन देवापाशी दिवा लावत होती तेव्हा मी गॅलरीत जाऊन त्याला गाठलं.

"बाळू, तो डॉक्टर अगदी पोरगेलासा आहे रे. साहेबांकडून एक शब्द टाकता येईल का?"

"भाऊजी, एक कशाला, दहा टाकतो. हॉस्पिटलचे ट्रस्टीसुद्धा त्यांच्या ओळखीचे आहेत. व्हीआयपी म्हणून आत जाणार तुम्ही."

"व्हीआयपी नको. फक्त त्याने नीट लक्ष द्यावं."

"लक्ष? अहो, झोप उडेल त्याची!"

आम्ही दोघंही हसलो. मला खरंच बरं वाटलं. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

टेबल

सकाळी मनगटावरचे आणि मांडीवरचे केस काढले. वॉर्डातली मावशी अर्नाळ्याची होती, कोळीण, खणखणीत आवाजाची. "घाबरतंस कशाला बाबा? आता पानी पिऊ नको, तोंड नुसतं ओलं कर." तिने ओल्या कापसाने माझे ओठ पुसले. तेवढ्यानेही धीर आला.

आतली खोली फार थंड. आपण पूर्ण जागे असतो, हे आधी कुणी नीट सांगत नाही. वर मोठं यंत्र, बाजूला पडदे, एका भिंतीला काच आणि काचेपलीकडे दुसरी खोली. टेक्निशियन गाणं गुणगुणत वायरी लावत होता. "काका, एसीचे पैसे वेगळे लावत नाही आम्ही, बिनधास्त झोपा." डॉ. जोएलनी हातमोजे चढवता चढवता गाव विचारलं. मी म्हटलं, रत्नागिरीकडचा. "मग मासे सोडा असं सांगायची माझी हिंमत नाही. तळलेले तेवढे सोडा." मी हसलो. सिस्टरही हसली.

तेवढ्यात दार ढकलून हॉस्पिटलचे मॅनेजर आले. "डॉक्टर, साहेब लाइनवर आहेत. एकच मिनिट." डॉक्टरांच्या हातात मोजे होते, म्हणून मॅनेजरनीच फोन त्यांच्या कानाला लावून धरला. "हो सर. हो सर. नाही सर, काळजीच नको." नंतर कळलं की त्याआधी त्यांना ट्रस्टींचा फोन येऊन गेला होता, आणि साहेबांच्या ऑफिसातूनही. फोन काढून घेतला गेला, दार लागलं, आणि त्यानंतर त्या खोलीत कुणी थट्टा केली नाही. गाणंही थांबलं.

मनगट बधिर करायचं इंजेक्शन दिलं, मग सुई. पहिल्यांदा लागली नाही. अंगठ्यापर्यंत कळ गेली. "सॉरी काका." पुन्हा बोटांनी नाडी चाचपली, पुन्हा सुई. पुन्हा नाही. त्यांची बोटं आता जास्त जोराने दाबत होती. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस फार वाईट बोलतो. मी म्हणालो,

"डॉक्टर, तुम्हाला साहेबांचा फोन आला होता ना?"

ते वाक्य हेच.

"हो, काका," एवढंच ते म्हणाले. टेक्निशियनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सिस्टर हळूच म्हणाली, "सरांना बोलावू का?" डॉक्टर म्हणाले, "नको. होईल." कपाळावरचा घाम मास्कवर उतरला होता. मग ते करत राहिले. हाताला आग लागल्यासारखं झालं, मनगटाच्या वर फुगायला लागलं, तरी ते करत राहिले.

मला तो हात ओळखता आला, हे सांगायलाच हवं. मी वालीवच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. लेथवर वर्षानुवर्षं एकच जॉब करणारा माणूस. मालक गिऱ्हाइकांना घेऊन त्याच्या पाठीमागे उभा राहिला की नेमका तोच जॉब मापाबाहेर जायचा. मीच मालकाला सांगितलं होतं, "लोकांना केबिनमध्ये बसवा, चहा द्या, माल मी तिथे आणून दाखवतो." मालकाने ऐकलंही. इतकं सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी मी साहेबांना आणून त्या डॉक्टरांच्या पाठीमागे उभं केलं.

शेवटी काचेपलीकडून मोठे डॉक्टर आपणहून आत आले. माझ्या हाताकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "जोएल, सोड. मी बघतो." पुढचं सगळं त्यांनी मांडीतून केलं. दोन ठिकाणी अडथळे निघाले. एकात त्याच वेळी स्टेंट घातला, दुसरा काही आठवड्यांनी घालायचा ठरला.

वॉर्ड

पाय सरळ ठेवायचा, रक्त येऊ नये म्हणून जांघेवर वाळूची पिशवी, हात मनगटाशी पट्टीने बांधून सलाइनच्या स्टँडला टांगलेला. बोटं बधिर. कुशीवर वळायची सोय नाही. सारखं कुणीतरी येऊन बोटं दाबायचं, "जाणवतंय का?" बहुतेक वेळा ते कुणीतरी म्हणजे डॉ. जोएलच असायचे. मी डोळे मिटून घ्यायचो.

मावशीने चमच्याने पेज भरवली. हाताकडे बघून म्हणाली, "माझ्या दादल्याचा हात असाच झालेला, होडीच्या दोरात अडकून. आता जाळं ओढतो. तू काय, नुसतं पेपरच धरनार." टेबलावरून आल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा हसलो.

मग बाळू आला, बरोबर त्याची मंडळी. आधी तो माझा हात बघून खरंच रडवेला झाला, मग चिडला. आरडाओरडा ऐकून डॉ. जोएल फाइल घेऊन दारात आले. "मी समजावून सांगतो," असं म्हणायचा प्रयत्न करत होते. एकाने त्यांच्या तोंडासमोर बोट नाचवलं, दुसऱ्याने मोबाइल वर धरला. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तिथे बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. मी हात स्टँडवरून सोडवला आणि वर केला.

ओपीडी

हाताची सूज उतरली, काळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं. बोटांत जान आली. मोठे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून तपासणीला पुन्हा डॉ. जोएलसमोरच बसायची वेळ आली. सुमन औषधांच्या रांगेत होती. ते एकेक बोट दाबून बघत होते.

"दुसरा स्टेंट तुम्हीच घालणार का?" मी विचारलं.

"नाही काका. मला सध्या टेबलावर जाऊ नका असं सांगितलंय. ओपीडीच बघतो."

"व्हिडिओमुळे?"

त्यांनी शेवटचं बोट दाबून पाहिलं. मग माझा हात टेबलावर ठेवत म्हणाले, "तुमची नाडी बारीक आहे, आणि ती आकसली. असं कुणाच्याही हातून होतं. त्याचं मला वाईट वाटतं, पण ती चूक नव्हे. चूक पुढची. एरवी दोनदा जमलं नाही की मी सरांना हाक मारतो. आमच्यात त्याची लाज नाही. त्या दिवशी मारली नाही."

"का?"

"बाहेर कळलं असतं ना, की ह्याला जमलं नाही. तुमची नाडी बोटाला लागत नव्हती, काका. माझीच कानात वाजत होती." मग म्हणाले, "आता घराला कुलूप लावतानासुद्धा मी हाताकडे बघतो."

त्यांनी माझ्या वाक्याचं नावही काढलं नाही. मी "बरं" म्हणालो आणि उठून आलो. एवढं ऐकूनही मी फक्त "बरं" म्हणालो.

घर

घरात वेगळंच चाललं होतं. हॉस्पिटलातल्या तमाशामुळे सुमन भावावर भडकली होती. भाऊबीजेला तिने त्याला ओवाळलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. बाळू पाट सोडून उठला तो जेवायला थांबलाच नाही. इतकं होऊनही मी गप्प होतो. डॉक्टर चुकले, बाळू चुकला, आणि मी बिचारा हात गळ्यात अडकवून बसलेला, असं छान जमून गेलं होतं.

ओपीडीतून आल्यावर सुमनला सगळं सांगितलं. गॅलरीतला फोन, टेबलावरचं वाक्य, सगळं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे सणासुदीला माझा भाऊ उपाशी गेला तुमच्यापायी." मग म्हणाली, "त्या पोराच्या आईने पाहिला असेल हो तो व्हिडिओ." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. ते रास्तच होतं.

बाळूला बोलावून घेतलं. तो फणकाऱ्यातच आला. "बोला. आता मी गुंड आणि तुम्ही संत, असंच ना? कुणासाठी केलं मी सगळं?"

"माझ्यासाठी. आणि मी सांगितलं म्हणून. पण आत टेबलावर मी काय बोललो ते तुला ठाऊक नाही." मी सांगितलं.

बाळू पंख्याकडे बघत म्हणाला, "भाऊजी, मला वाटत होतं की ओळख लावली तरी त्याने निष्काळजीपणा केला. म्हणून माझं डोकं फिरलं. तो घाबरला असेल हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

"माझ्या आलं होतं," मी म्हटलं. "तेव्हाच."

दोघं मिळून हॉस्पिटलात गेलो. मॅनेजर आणि मोठे डॉक्टर समोर होते. मी सगळं सांगितलं, बाळूने माफी मागितली. मोठे डॉक्टर म्हणाले, "बोललात ते बरं केलंत. पण त्याने हाक मारायला हवी होती. ते मी त्याला सुनावलंय आणि तुम्हालाही सांगतो. तुमच्या बोलण्याने ते पुसलं जाणार नाही." मॅनेजर खाली बघत होते, फोन कानाला धरणारा हात त्यांचा होता.

"दुसरा स्टेंट डॉ. जोएलनीच घालावा अशी माझी इच्छा आहे," मी म्हटलं.

"ते तो ठरवेल. त्याच्यावर उपकार म्हणून सांगत असाल तर नको."

"उपकार नाही. ते दर वेळी येऊन माझी बोटं दाबत होते."

डॉ. जोएल लगेच हो म्हणाले नाहीत. निरोप आला तो काही दिवसांनी, आणि त्यात दोन अटी होत्या. एकही फोन येता कामा नये. आणि टेबलावर भीती वाटली तर मी "भीती वाटते" एवढंच म्हणायचं, दुसरं काही नाही.

सोसायटीच्या ग्रुपवर मी खुलासा टाकला. कुणी अंगठा दिला, कुणी हात जोडले, आणि थोड्याच वेळात टाकीच्या साफसफाईचा विषय निघाला. व्हिडिओ जितका पसरला तितका खुलासा पसरला नाही. म्हणून हे लिहिणं.

तुमच्यापैकी कुणी टेबलावर जाणार असेल तर माझं एवढंच सांगणं. शंका आदल्या दिवशी विचारा, हव्या तेवढ्या विचारा. पहिल्यांदा जमलं नाही तर काय कराल, हेही विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायचा असेल तर उघडपणे घ्या. आणि चूक झाली असेल तर जाब जरूर मागा. पण आत जाताना त्याच्या मानेवर कुणाला बसवून जाऊ नका. सुई तुमच्याच अंगात जाणार असते.

दुसऱ्यांदा

या वेळी डावा हात. बाळूने स्वतःहून मोबाइल बंद करून सुमनच्या पिशवीत टाकला. "साहेबांना ऑपरेशन कधी आहे ते सांगितलेलंच नाही," तो म्हणाला. सुमन त्याला म्हणाली, "डबा आणलाय. खाऊन घे." त्यांचं मिटलं होतं.

तीच थंड खोली, तोच टेक्निशियन. गाणं मात्र नव्हतं. सगळेच जरा जपून होते. बधिर करायचं इंजेक्शन, मग सुई. लागली नाही.

माझ्या जिभेवर जुनंच काहीतरी आलं. कबूल करतो, आलं. ते गिळलं आणि म्हणालो, "डॉक्टर, भीती वाटते."

"मलाही थोडी वाटतेय, काका," ते म्हणाले. बोटं माझ्या मनगटावरच होती. पुन्हा सुई लावली. नाही लागली. मग त्यांनी मान वळवली आणि काचेकडे बघून, घरात शिडी धरायला कुणाला बोलवावं तितक्या साध्या आवाजात, हाक मारली.

"सर, जरा येता का?"

मोठे डॉक्टर आले. मनगटावर बोट ठेवलं. "किंचित वर घे. इथे. तूच कर." सुई गेली. पुढचं मी नीट सांगू शकत नाही, कारण मी पडद्याकडे पाहतच नव्हतो. मी गाण्याची वाट बघत होतो. थोड्या वेळाने टेक्निशियन गुणगुणायला लागला. सूर फारच वाईट होता त्याचा.

बाहेर आणलं तेव्हा बाळू उठून उभा राहिला. सवयीने खिसा चाचपला, मग हात खाली सोडले.

"कसं झालं, भाऊजी?"

"पहिल्यांदा नाही लागली. दुसऱ्यांदाही नाही. मग त्याने सरांना हाक मारली."

बाळूने माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. मनगटावर लहानशी पट्टी, बाकी हात जसाच्या तसा.

"हाक मारली ना?" तो म्हणाला. "मग बरं झालं."